हौदातली गांडुळं गेली कुठं?

राजेश्वरीनं हौदात चौथ्यांदा हात घातला, मूठभर खत बाहेर काढलं आणि तळहातावर पसरलं. चहाच्या चोथ्यासारखं काळंभोर, भुसभुशीत खत. पण त्यात एकही गांडूळ नव्हतं.

"खाली गेली असतील," बिलाल म्हणाला. "दिवाळी झाली, थंडी पडली. पांघरूण घेऊन झोपली असतील."

"सोलापुरात कसली बे थंडी?" गुरु म्हणाला. गुरु पाचवीतला, तिघांत सगळ्यात लहान. त्याच्या तोंडात एक प्रश्न संपायच्या आत दुसरा तयार असायचा. "आणि गांडुळं झोपतात का? झोपली तर डोळे कुठं मिटतात? त्यांना डोळे असतात का?"

"गप बस गुरु," राजेश्वरी म्हणाली. परवापर्यंत जिथं हात घालावा तिथं वळवळ लागायची. आज गुरुवार, आणि हौद मेल्यासारखा पडला होता.

आता हा हौद म्हणजे काय भानगड, ते आधी सांगायला हवं. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथं दिवसभर मागांची खटखट चालते, तिथं या तिघांची शाळा. शाळेच्या मागं मोडक्या बाकांचं आणि काचांचं रान माजलं होतं. तीन वर्षांपूर्वी शाळेत खिचडी रांधणाऱ्या बाळाबाईंनी ते साफ केलं. बाळाबाई मूळच्या वेळापूरकडच्या, शेतात वाढलेल्या. त्यांनी मुलांना एकेक वाफा आखून दिला आणि एकच नियम घातला. पोत्यातलं खत नाही, की फवारायचं औषध नाही. "बाजारची भाजी वरनं धुता येती," त्या म्हणायच्या, "तिच्या पोटात गेल्यालं औशद कसं धुणार?"

खिचडीतला पालक बोटानं ताटाच्या कडेला सारणारा बिलाल आता वाढपातच विचारायचा, "हा माझ्या वाफ्यातला आहे ना?" मेथी, मुळा, अंबाडी, घेवडा, सगळं खिचडीच्या पातेल्यात जायचं. आणि त्या सगळ्याच्या मुळाशी होता हा विटांचा हौद. त्यातली गांडुळं पालापाचोळा आणि शेण खाऊन खत करायची. बाळाबाई त्यांना 'माजी जनावरं' म्हणायच्या.

रविवारी बाळाबाई बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस गावी गेल्या. जाताना बारा मुलांतून त्यांनी राजेश्वरीला हाक मारली. "पोरी, जनावरं तुज्या हवाली. वरचं पांघरूण सुकू द्यायचं न्हाय. सकाळ-सांज पानी घाल, बाकी ती आपलं आपुन बगत्यात." राजेश्वरी त्या दिवशी घरी जाताना जमिनीपासून दोन बोटं वरून चालत होती.

आणि आता ही गत.

"काय चाललंय? सुट्टीत शाळेत कशाला गर्दी?"

मागून आवाज आला. संस्थेचे सचिव बापूसाहेब. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला पेन. मनानं माणूस वाईट नव्हता, पण टापटिपीचं वेड इतकं की झाडाचं पान वाकडं दिसलं तरी ते सरळ करायला बघायचे. पुढच्या सोमवारी इतर शाळांचे पाहुणे बाग पाहायला येणार होते, त्यामुळे ते वेड सध्या जोरात होतं. या आठवड्याच्या सोमवारी बागेत फेरी मारताना त्यांना हौदावरच्या कुजक्या गोणपाटांचा वास आला. नाकाला रुमाल लावून त्यांनी ती फेकायला लावली आणि मेव्हण्याच्या कारखान्यातल्या पाच जाडजूड, मोरपंखी चादरी आणून हौदावर अंथरल्या. विकायला न काढलेला माल होता, पण दिसायला झकास. राजेश्वरीलाही त्या आवडल्या. पाणी चांगलं धरतात म्हणून ती रोज दोन तांबे जास्तच घालत होती.

"साहेब, गांडुळं दिसत नाहीत," राजेश्वरीनं कसंबसं सांगितलं.

"पाणी घातलं नसशील."

"घातलं. रोज दोनदा."

"मग काय पंख फुटले त्यांना?" बापूसाहेबांनी हौदात डोकावून पाहिलं. "हे बघा, पाहुण्यांना मेलेला हौद दाखवायचा नाही. परवा शनिवारी गवंडी बोलावतो. हौद बुजवू, वर फरशी करू, कुंड्या मांडू. वाफ्यांना दोन पोती खत टाकू, दोन दिवसांत हिरवंगार होईल."

"पण बाळाबाई मावशी रविवारी येणार आहेत."

"म्हणून तर शनिवारी," बापूसाहेब म्हणाले आणि निघून गेले.

राजेश्वरी हौदाच्या कठड्यावर बसली. मावशींनी तीन वर्षं पोटच्या पोरासारखा जपलेला हौद, आणि तो तिच्या हातात आठ दिवस टिकला नव्हता. रविवारी कुठल्या तोंडानं त्यांच्यासमोर उभं राहायचं?

"चोरी झाली," गुरु एकदम म्हणाला. "कुणीतरी नेली. गांडुळं कुणाला लागतात?"

"मासे धरणाऱ्यांना," बिलाल म्हणाला. "गळाला लावायला. चला, माझ्या ओळखीचा माणूस आहे."

दोन सायकलींवर तिघं कंबर तलावावर पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. काठावर हुसेनसाब गळ टाकून बसले होते. बिलालच्या अब्बांचे ते जुने दोस्त. बिलालनं आपण पोलीस असल्यासारखी चौकशी सुरू केली.

"चाचा, तुमच्या डब्यात काय आहे?"

हुसेनसाबांनी डबा पुढं केला. आत कणकेच्या गोळ्या होत्या. "गळाला कणीकच लावतो बाबा. थोडी हळद, थोडं तेल. का, खातोस?"

बिलालचा चेहरा पडला. राजेश्वरीनं सगळी हकीकत सांगितली. हुसेनसाबांनी ऐकून घेतलं आणि गळाची दोरी न हलवता विचारलं, "हौद उकरलेला दिसला का?"

"नाही. मी सारखा केला होता तसाच आहे."

"मग चोर कसला? हजार गांडुळं काढायची म्हणजे सगळं खालीवर करावं लागेल. त्यांना कुणी नेलं नाही बेटा, ती आपल्या पायानं गेली."

"त्यांना पाय नसतात," गुरु म्हणाला.

"चाचांचं बरोबर आहे," राजेश्वरी हळूच म्हणाली. परत येताना तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. आपल्या पायानं गेली, म्हणजे त्यांना तिथं राहवलं नाही. पण का?

शुक्रवारी सकाळी तिघं बागेत आले, तर दारातच बिलाल थबकला. "गेली आपली मेथी. बिजली आत शिरलीय."

बिजली ही शेजारच्या फुलाबाईंची शेळी. नावाप्रमाणे वागायची. दहा मिनिटं मोकळी सापडली तर वाफा साफ. तिघं तिला हाकलायला धावले आणि मध्येच उभे राहिले. मेथीचा कोवळा वाफा बिजलीच्या शेपटीमागं जसाच्या तसा होता. तिनं तिकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती पुढचे पाय हौदाच्या कठड्यावर टेकून मोरपंखी चादर चाटत होती. डोळे मिटून, अगदी मन लावून.

"शेळी मेथी सोडून चादर का चाटते?" गुरुनं विचारलं. या वेळी त्याला कुणी गप बस म्हणालं नाही.

तेवढ्यात फुलाबाई काठी घेऊन आल्या. "आगं ये बिजले, हितं कुटं कडमडलीस?"

"फुलाबाई, ही चादर का चाटतेय?" राजेश्वरीनं विचारलं.

"मिटासाटी. शेरडाला मीठ लई आवडतं. आमी गावाकडं दावणीला खडा टांगतो, दिसभर चाटत बसत्यात."

"पण चादरीला मीठ कुठून आलं?"

"ते मला काय इचारतीस? चादरवाल्याला इचार." आणि फुलाबाई बिजलीला ओढत घेऊन गेल्या.

राजेश्वरी चादरीकडं बघत राहिली. जिथं पाणी सुकलं होतं तिथं कडेकडेनं पांढुरका थर धरला होता. चार दिवस तो तिच्या डोळ्यांसमोर होता, पण तिला वाटलं धूळ आहे.

"इकडं या की," हौदाच्या पलीकडून गुरु ओरडला. "या कोपऱ्याला चादर पुरली नाही. एक वीत उघडं आहे. आणि बघा!"

उघड्या कोपऱ्यातल्या खतात दोन गांडुळं वळवळत होती. बिलालनं चादरीखाली हात घातला, खत काढलं. काही नाही. पुन्हा कोपऱ्यात घातला. तिसरं सापडलं. त्याच कोपऱ्यात खाली हौदाची एक वीट निखळली होती आणि फटीपलीकडं मुळ्याचा वाफा होता. गुरुनं कुणाला न विचारता एक मुळा उपटला. मुळाला लोंबत, एकमेकांत गुंतलेली सात-आठ गांडुळं वर आली.

"स्थलांतर," बिलाल म्हणाला. "अख्खं गाव उठून मुळ्यात राहायला गेलं."

राजेश्वरीला हसू आलं आणि रडूही, पण रडू तिनं आवरलं. निदान काही वाचली होती. पण हौदात हजार होती, आणि मुळ्याच्या सरीत फार तर शंभर-दीडशे असतील. आणि का गेली, हे अजून पुरतं कळलं नव्हतं. "मी घरी जाते," ती म्हणाली. "नान्ना आता जेवायला आले असतील."

राजेश्वरीचे वडील मल्लेश सूत रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होते. घरात सगळे तेलुगू बोलायचे, वडिलांना ती नान्ना म्हणायची. दुपारी जेवायला ते घरी येत तेव्हा त्यांच्या नखांच्या कडेला त्या दिवशीचा रंग असायचा. आज लाल होता.

"नान्ना, रंगाच्या कामात मीठ लागतं का?"

"लागतं म्हणजे? पोत्यांनी लागतं. मिठाशिवाय सूत रंग धरत नाही. जोडीला सोडाही टाकतो."

"मग ते मीठ सुतातच राहतं?"

"छे. नंतर धुवावं लागतं. एकदा, दोनदा, तीनदा. घाईत कुणी धुणं चुकवलं की मीठ आत राहतं आणि रंग जायला लागतो. असा माल कुणी घेत नाही, पडून राहतो." त्यांचं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. "हे काय? तुझे तळवे निळे कशानं?"

राजेश्वरीनं हात पाहिले. मोरपंखी झाले होते. चार दिवस रोज सकाळ-संध्याकाळ ती त्या चादरी हातानं दाबून दाबून भिजवत होती. तिचा घास तोंडातच राहिला. गांडुळांच्या अंगाला मीठ लागलं की ती तडफडतात, एवढं तिला ठाऊक होतं. पाण्याबरोबर ते मीठ खाली कुणी उतरवलं? तिनंच. जितकं जास्त पाणी, तितकं जास्त मीठ. मन लावून, दोन तांबे जास्त घालून, तिनंच मावशींची जनावरं मारली होती, आणि मेलेली खतातच विरून गेली होती. तिला इतकं वाईट वाटलं की अम्मानं वाढलेला भात तिनं तसाच सोडला.

नान्नांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रडून मीठ कमी होत नाही. आधी चादरी काढा. मग बघू."

दुपारी तिघांनी चादरी काढल्या. खिचडीच्या कोठीतून तांदळाची रिकामी गोणपाटं आणून वाचलेल्या कोपऱ्यावर टाकली. राहिला प्रश्न बापूसाहेबांचा.

"जाऊन सरळ सांगू की," गुरु म्हणाला.

"ऐकतील?" बिलाल म्हणाला. "म्हणतील, स्वतःची चूक झाकायला माझ्या चादरीवर ढकलताय. मोठ्या माणसाला त्याची चूक लहान माणसानं सांगितली की त्याला आधी राग येतो."

राजेश्वरी विचार करत होती. "आपण काहीच सांगायचं नाही," ती म्हणाली. "गांडुळांनाच सांगू दे."

शनिवारी सकाळी येडू गवंडी घमेलं-फावडं घेऊन आला. पाठोपाठ बापूसाहेब आले. हौदाशेजारी स्टुलावर खिचडीची मोठी परात ठेवलेली होती. परातीत ओली माती. अर्ध्या मातीवर गोणपाटाचा तुकडा, अर्ध्यावर चादरीचा.

"हे काय नवीन?" बापूसाहेबांनी विचारलं.

"निवडणूक," बिलाल म्हणाला.

"साहेब, दहाच मिनिटं," राजेश्वरी म्हणाली. "दोन्ही तुकडे एकाच तांब्यातल्या पाण्यानं भिजवलेत. मध्ये दहा गांडुळं सोडते. ती कुठं जातात ते बघा. मग तुम्ही म्हणाल ते करू."

"मला वेळ नाही. येडू, काम सुरू कर."

येडूनं फावडं खाली ठेवलं. "सायेब, माल कालवायलाच दहा मिंटं लागत्यात. तवर बगू की. म्या बी कदी बगितलं न्हाय."

राजेश्वरीनं मुळ्याच्या वाफ्यातली दहा गांडुळं परातीच्या मध्यावर ठेवली. पाच जण वाकून बघत राहिले. एक गांडूळ चादरीकडं वळलं, टोक लागताच झटका बसावा तसं आखडलं आणि मागं फिरलं. दुसऱ्यानं तेच केलं. मग एकामागून एक सगळी गोणपाटाखाली शिरायला लागली. शेवटचं एक परातीच्या काठावर चढून बसलं.

"नऊ विरुद्ध शून्य," बिलाल म्हणाला. "एक अपक्ष. चादरीचं डिपॉझिट जप्त."

"योगायोग," बापूसाहेब म्हणाले, पण त्यांची मान काही वर झाली नाही. "तुकड्यांची अदलाबदल करा. पुन्हा सोडा."

"मातीही बदलते," राजेश्वरी म्हणाली. तिनं नवी माती पसरली, आधी मीठ लागलेली दोन गांडुळं स्वच्छ पाण्यात बुचकळून वाफ्यात सोडली आणि ताजी दहा घेतली. या वेळी दहाच्या दहा गोणपाटाखाली गेली.

"किड्याला कळतंय की, सायेब," येडू पुटपुटला.

राजेश्वरीनं मग सगळं सांगितलं. मीठ, न धुतलेला माल, शेळी, उघडा कोपरा. बापूसाहेबांनी चादरीचा तुकडा उचलला, बोटानं चोळला आणि निळं झालेलं बोट कितीतरी वेळ बघितलं. मग पांढऱ्या पँटीची पर्वा न करता ते विटांच्या ढिगावर बसले. बागेच्या बाबतीत तीन वर्षं त्यांनी उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या, आज पहिल्यांदा ते मातीजवळ बसले होते.

"पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून केलं," ते म्हणाले. "करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. येडू, फरशी राहू दे. या मुलांना विचार, काय करायचं ते."

येडूनं घमेल्यानं हौदातलं खारट झालेलं खत काढून बागेबाहेर टाकलं, हौद तीनदा धुतला. निखळलेली वीटही तो बसवणार होता, पण गुरुनं त्याला अडवलं. "दार बंद केलं तर ती परत कशी येतील?" येडूनं वीट तशीच सोडली. बापूसाहेबांनी बाह्या सरसावून स्वतः शेणाच्या जुन्या ढिगातून टोपल्या वाहिल्या. संध्याकाळपर्यंत मुळ्याच्या वाफ्यातली शे-सव्वाशे गांडुळं नव्या शेणात, गोणपाटाखाली पोचली.

"बाळाबाईंना काय सांगायचं?" जाताना बापूसाहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज गृहपाठ न केलेल्या मुलासारखा झाला होता.

"जे झालं ते," राजेश्वरी म्हणाली.

रविवारी दुपारी बाळाबाई एस.टी.तून उतरल्या त्या घरी न जाता गाठोड्यासकट बागेत आल्या. हौदापाशी त्या दिसताच राजेश्वरी पुढं झाली. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "पाणी मीच घालत होते मावशी. तुमची जनावरं माझ्या हातानं मेली."

"पाणी तिनं घातलं, मीठ मी घातलं," मागून बापूसाहेब म्हणाले. ते सकाळपासून येऊन थांबले होते. "शिक्षा द्यायची तर मला द्या, बाळाबाई."

गाठोडं खाली ठेवून बाळाबाईंनी गोणपाट उचललं, शेणात हात घातला, बराच वेळ चाचपलं. मग हात बाहेर काढून राजेश्वरीपुढं उघडला. तीन गांडुळं होती आणि त्यांच्याबरोबर मोहरीएवढे पिवळसर दाणे.

"अंडी हायती," त्या म्हणाल्या. "दोन-तीन म्हयन्यांत पुन्ना भरंल." मग कठड्यावर बसत त्यांनी आवाज खाली आणला. "पयल्या साली म्या बी समदी मारली हुती. ताजं शेन घातलं, ते आतनं तापलं, आन दोन दिसांत समदी खलास. म्या कुनाला सांगितलं न्हाय. उनानं मेली म्हनले. आज पयल्यांदा सांगतीया, तू सांगितलंस म्हनून."

तीन दिवस अडवून धरलेलं रडू तेव्हा राजेश्वरीला फुटलं. बाळाबाईंनी तिला रडू दिलं, शेणाचा हात तिच्या पाठीवरून फिरवत. बिलालनं दोनदा खोकून पाहिलं आणि गुरुला घेऊन मुळ्याच्या वाफ्याकडं गेला.

सोमवारी पाहुणे आले. बापूसाहेबांनी त्यांना फाटक्या गोणपाटांचा हौद दाखवला आणि मिठाची गोष्ट स्वतःच्या तोंडानं, काही न गाळता सांगितली. परातीतली निवडणूक ऐकून सगळे पोट धरून हसले, बिलालच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. पाहुण्यांतल्या एका बाईंनी वहीत लिहिता लिहिता विचारलं, "इथल्या गांडूळखताचं सगळं कोण बघतं?"

बापूसाहेबांनी बाळाबाईंकडं बोट केलं. बाळाबाई स्वयंपाकघराच्या दारात हातात पळी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती पळी राजेश्वरीकडं वळवली.

"ती बगती," त्या म्हणाल्या. "म्या तिच्या हाताखाली हाय."

आणि पाहुण्यांच्या खिचडीत पालक टाकायला त्या आत निघून गेल्या.